भरीव पायांचा राखणदार

९ जानेवारी

ठमाबाई,

आशीर्वाद नेहमीसारखे. तू ते घेत नाहीस हे ठाऊक आहे, तरी पाठवतो. घरात कुठेतरी पडून राहतील.

"फोनवर तू मला बोलण्यात गुंडाळतोस, दादा. काय सांगायचंय ते लिहून पाठव. लिहिलेलं परत काढून दाखवता येतं." हे तुझं वाक्य मी उतरवून घेतलं आहे. सत्तेचाळिसाव्या वर्षी पाणी तपासणाऱ्या बाईला भावाच्या बोलण्यातला गाळही दिसू लागावा, हे तुझ्या व्यवसायाचं यशच म्हणायचं.

तर आधी तुझं म्हणणं माझ्या शब्दांत, म्हणजे मला कळलंय की नाही ते तुला तपासता येईल. तुला प्रयोगशाळाप्रमुखाची बढती आली आहे. जागा दुसऱ्या शहरात, बसने नऊ तास. एक जूनला रुजू व्हायचं. आधी दोनदा तू नाही म्हणालीस. तिसऱ्यांदा नाही म्हटलं की खातं पुन्हा विचारत नाही. अण्णांना हलवायला डॉक्टर परवानगी देत नाहीत, आणि सकाळी येणाऱ्या मावशी दोन तासांनी पदर खोचून निघून जातात. म्हणून चार वर्षं परदेशात लोकसेवा करणाऱ्या थोरल्या भावाने एक जूनच्या आत घरी येऊन अण्णांपाशी राहायचं. बरोबर? शंभरपैकी किती?

मी येणार आहे. लिहून दिलं.

फक्त इथून असं उठून निघता येत नाही. संस्थेचा नियम आहे, की आपल्या कामाचा ताबा दुसऱ्याला दिल्याशिवाय स्वयंसेवकाने जायचं नाही. आणि माझ्या कामाचा ताबा देणं हे जरा नाजूक प्रकरण आहे. ते कसं, ते एकदा नीट सांगतो. चार वर्षांत तू विचारलं नाहीस आणि मी सांगितलं नाही.

आमच्या शेडमध्ये वाकड्या पायांच्या मुलांसाठी बूट होतात. पायाभोवती ओल्या प्लॅस्टरच्या पट्ट्या गुंडाळायच्या, वाळल्या की कापून काढायच्या. त्या पोकळीत प्लॅस्टर ओतलं की मुलाचा पाय जसाच्या तसा, पांढरा आणि भरीव, आपल्या हातात येतो. त्यावर मिस्त्री चामडं ताणून बूट शिवतो. मूल दर सहा महिन्यांनी वाढतं, त्यामुळे नवा पाय. जुना टाकायचा नाही; वाकडेपणा किती उतरला हे दोन्ही शेजारी ठेवून बघायचं असतं. असे चौदाशे पाय भिंतभर फळ्यांवर आहेत आणि मी त्यांचा राखणदार.

मी आलो तेव्हा ते मुलांच्या नावांनी लावलेले होते. इथे दर तिसऱ्या मुलाचं नाव तेच. एक पाय शोधायला अर्धा दिवस जाई. मग मी ते सगळे खाली उतरवले आणि वर्णमालेप्रमाणे लावले. हसू नकोस. खुबा बिघडलेला असेल तर कवर्ग, मांडी चवर्ग, गुडघा टवर्ग, घोटा तवर्ग, बोटं पवर्ग. प्रत्येक वर्गात वयाप्रमाणे पाच अक्षरं. काना-मात्रा वर्षाची, डावा पाय असेल तर वर अनुस्वार. प्रत्येक पायाच्या तळव्यावर दाभणाने कोरलेलं अक्षर. ङ आणि ञ या दोन बेकार अक्षरांना जन्मात पहिल्यांदा नोकरी लागली ती माझ्या हाताखाली. आता कोणताही पाय मी अर्ध्या मिनिटात काढतो. "मास्तर, तो मागच्या वर्षीचा, डाव्या घोट्याचा, लहान," असं मिस्त्री ओरडतो आणि मी तो हजर करतो.

अडचण एवढीच, की ही लिपी या देशात मी सोडून कोणाला येत नाही.

पण होईल. जानेवारी आहे अजून.

तुझा
दादा

३० जानेवारी

ठमे,

ऑफिसच्या फोनवर तुझा निरोप आला. "दादा, अलंकार पुरे. तारीख सांग." पाच शब्दांत बाई मोकळी. सूत्रकारांना अर्धी मात्रा वाचली की पुत्रजन्माचा आनंद व्हायचा म्हणतात. तुझ्या घरी बारसंच झालं असेल.

तारीख एप्रिलअखेर. कारण बदली माणूस येतो आहे. निवृत्त ग्रंथपाल बाई, पस्तीस वर्षं पुस्तकं लावली, आता पाय लावतील. यापेक्षा योग्य माणूस मागूनही मिळाला नसता. पंधरवड्यात पोचतील.

दरम्यान इथली हकिकत. आमच्याकडे एक सात वर्षांची मुलगी येते. तिला सगळे टकटक म्हणतात, कारण तिच्या पायाच्या लोखंडी पट्ट्या फरशीवर तसा आवाज करतात. पहिल्यांदा आली तेव्हा आईच्या कडेवर होती आणि मला चावली. दीड वर्षापूर्वी तिचा बूट झाला. मिस्त्रीने बंद आवळले, मी पुढे दहा फुटांवर उकिडवा बसलो आणि ती आली. अकरा पावलं. बाराव्याला माझ्या अंगावर पडली आणि पुन्हा चावली, पण त्यात आता स्नेह होता. त्या दिवशी मला वाटलं, की माणसाचं आयुष्य एवढ्यासाठी खर्ची पडलं तरी पुरे. अशा दिवसांच्या जोरावर इथे लोक पुढचे पाच महिने धूळ खातात.

आणि मग त्याच मुलीला गेल्या वर्षी आणलं ते घोट्याला पैशाएवढी जखम घेऊन. बूट लहान झाला होता आणि तिला तो तसाच घातला होता चार महिने. आईबापांनी वेळेवर आणलंच नाही. मी त्या आईला चांगलं सुनावलं. तिने मान खाली घालून ऐकून घेतलं. जखम भरायला नऊ आठवडे लागले. अजूनही टकटक मला पाहून पाय मागे घेते. लोकांच्या हलगर्जीपणापुढे आपण काय करणार.

तुझ्या निरोपात दुसरंही एक वाक्य होतं, त्याचं उत्तर राहिलं. "तुझी लोकसेवा अण्णा आजारी पडल्यावरच बरी सुचली." हे मी चार वर्षांत तिसऱ्यांदा ऐकतो आहे, आणि तिसऱ्यांदा सांगतो: माझा अर्ज त्याआधीच गेला होता. योगायोग हा योगायोगच असतो.

अण्णांना नमस्कार सांग. कळला तर कळला.

दादा

२७ फेब्रुवारी

ठमाबाई,

वाईट बातमी आधी. ग्रंथपाल बाई गेल्या. शेडमधून गेल्या म्हणजे वर दवाखान्याच्या नोंदणी खिडकीवर. त्यांना इथली प्लॅस्टरची धूळ मानवली नाही. बारा दिवस होत्या. माणूस छान, हसऱ्या. पहिल्या दिवशी फळ्यांपुढे उभ्या राहून त्यांनी टाळ्या वाजवल्या. म्हणाल्या, "हे फार सुंदर आहे. आणि फार वेडं." मी दोन्ही विशेषणं स्वीकारली.

म्हणजे पुन्हा माणूस शोधणं आलं. मोठ्या बाई, म्हणजे आमच्या संचालिका, मला सोडायला तयारच नाहीत. "मास्तर गेले की शेड बंद," असं त्या पाहुण्यांना सांगतात. पाहुणे माझ्याकडे बघतात आणि मी चष्मा पुसतो.

तुला इथल्या जेवणघराची भिंत दाखवायला हवी. दर सहा महिन्यांनी स्वयंसेवकांची एक तुकडी जाते आणि जाताना एक फोटो काढून तिथे लावते. असे आठ फोटो आहेत. आठही फोटोंत डावीकडे मी, त्याच निळ्या शर्टात. बाकीचे हसताहेत, कारण ते चाललेत. पहिल्या दोन तुकड्यांना निरोप देताना मला रडू आलं होतं. आता मी त्यांची गादी उन्हात टाकतो आणि खिळ्यावरची किल्ली सारखी करतो. नव्या तुकडीतल्या एकाने परवा विचारलं, "तुम्ही इथलेच ना?" तो नम्रपणे विचारत होता, तरी मला दोन दिवस नीट झोप लागली नाही.

माझी खोली आठ पावलं लांब आणि पाच रुंद आहे. खिडकीतून शेडचा पत्रा दिसतो, शेडच्या खिडकीतून माझी खोली. म्हणजे कुठेही असलो तरी मी स्वतःला सापडतो.

एप्रिलअखेर जरा ओढून मे धर. मेचा मध्य. एक जूनला अजून अवकाश आहे.

दादा

२४ मार्च

ठमे,

पंचवीस दिवस तुझं काही नाही. मग काल निरोप: "अण्णा पलंगावरून पडले. हाड शाबूत आहे. मी ऑफिसात होते. मावशी गेल्या होत्या. होकार कळवायची मुदत पाच मे."

मी तो निरोप ऑफिसात उभ्याने वाचला, मग बाहेर येऊन वाचला, मग शेडमध्ये. कुठेही तो लांब झाला नाही.

काय लिहू? इथे आज सव्वीस मुलं होती. दुपारी वीज गेली, प्लॅस्टर परातीत दगड झालं. एका बापाने मुलाला दुसऱ्यांदा परत आणलं. बूट विकला होता. मिस्त्री म्हणाला, "विकला म्हणजे चांगला झाला होता." आम्ही हसलो आणि दुसरा शिवायला घेतला. पहिल्या वर्षी अशा गोष्टीवर मी चार पानं लिहिली असती. आता नुसतं अक्षर कोरतो.

खरं सांगतो, कधीकधी सकाळी फाटकाकडे बघितलं की ते बाहेरून कोणी लावलंय असं वाटतं. मग जवळ जाऊन बघतो. कडी आतूनच असते. तरी हात पुढे होत नाही. हे तुला का लिहिलं कोण जाणे. तू म्हणशील, दादा, तुला फाटक तरी आहे.

होकार कळव. मी काहीतरी करतो.

दादा

१६ एप्रिल

ठमे,

या पत्रात विनोद सापडला तर तो सवयीचा समज.

गेल्या आठवड्यात मला ताप आला. पाच दिवस खोलीत पडून होतो. तापापेक्षा चिंता मोठी: मी नाही म्हणजे शेडमध्ये घोडं अडलं असणार, मुलं परत जात असणार. तिसऱ्या दिवशी उठायला लागलो तर मोठ्या बाईंनी दरडावून झोपवलं. "एवढं काही अडत नाही," म्हणाल्या. मला ते औदार्य वाटलं.

सहाव्या दिवशी शेडमध्ये गेलो. नोंदवही पाहिली. पाच दिवसांत चौतीस पाय काढलेले होते आणि परत ठेवलेले होते. मी एकेक तपासत गेलो. चौतीसही बरोबर जागी. तवर्गातला डावा, अनुस्वारासकट, आपल्या भावंडांत. नऊ नवे होते, त्यांच्याही तळव्यावर अक्षरं कोरलेली. थ जरा जाडा आला होता, पण थच.

मिस्त्री खाली बसून चामडं ओलं करत होता. मी म्हणालो, "हे कोणी केलं?"

"कोण करणार? मीच."

"तुला वाचता येतं?"

त्याने हात पुसले, हत्यारांच्या पेटीतून चामड्याचा एक तुकडा काढला आणि माझ्या हातात दिला. त्यावर दाभणाने पंचवीस अक्षरं कोरलेली होती, पाच ओळींत पाच, आणि प्रत्येक ओळीसमोर एक पाय काढलेला, जिथे दुखणं तिथे ठिपका. खाली मात्रा. माझ्या शाळेतल्या पोरांनी इतकी नीट वर्णमाला कधी काढली नव्हती.

"केव्हा केलंस?"

"गेल्या वर्षी. ती पोर परत गेली ना, तेव्हा."

"कोणती पोर?"

"टकटक. तू त्या पाहुण्यांबरोबर दोन दिवस डोंगरावर गेला होतास बघ. तिची आई आली होती बूट बदलायला. जुना पाय सापडेना. मी म्हटलं मास्तर नाही, पुढच्या आठवड्यात या. तिचं गाव सहा तास. ती पुन्हा आली चार महिन्यांनी, पीक निघाल्यावर. मग मी बसलो शिकायला. तू अक्षर कोरताना समोर बसायचो की मी. तुला वाटायचं गप्पा मारायला बसतो."

ठमे, त्या आईला मी सुनावलं होतं. ती मान खाली घालून ऐकत होती. तुला तीस जानेवारीला मीच लिहिलं, लोकांच्या हलगर्जीपणाबद्दल.

मी विचारलं, "मग वर्षभर मला हाका का मारत होतास? हा काढ, तो काढ?"

तो चामडं पिळत राहिला. म्हणाला, "तू इतका खुशीत उठून यायचास. मोठ्या बाईही म्हणाल्या, राहू दे. तुझ्या घरी कोणी नाही, मास्तर, असं आम्ही धरून चाललो होतो. चार वर्षांत तू कुणाचा उल्लेख केला नाहीस. आम्हाला वाटलं, हे पायच याचं घर. ते काढून घेतले तर हा जाणार कुठे?"

मी म्हणालो, "घरी वडील आहेत. बहीण आहे."

"वडिलांचं कोण करतं?"

"बहीण."

"चार वर्षं? एकटी?"

मी होय म्हटलं. त्याने तो तुकडा माझ्या हातातून घेतला आणि पेटी बंद केली. मी उठून बाहेर आलो.

आता उरलेलं. माझी जुनी पत्रं तू ठेवली असशील तर काढून बघ. सगळीकडे 'उशीर झाला', 'राहून गेलं', 'जमलं नाही'. क्रियापदं आहेत, कर्ता कुठेच नाही. तो आता घालतो.

नियम आहे, पण तो कोणाला अडवत नाही. मोठ्या बाईंनी मला दोनदा सांगितलं होतं, इथल्या भाषेत एक तक्ता करून दे. एका पानाचं काम आहे. मी केलं नाही. ग्रंथपाल बाईंना धूळ मानवली नाही हे खोटं. त्यांनी तीन दिवस माझ्याकडे तक्ता मागितला. मी म्हणालो, हळूहळू कळेल. बाराव्या दिवशी त्या म्हणाल्या, "तुम्हाला हे कोणाला द्यायचंच नाही," आणि वर गेल्या. मोठ्या बाई मला सोडत नाहीत हे मी तुला लिहिलं. मी त्यांच्याकडे जायची गोष्ट कधी काढलीच नव्हती.

आणि अर्ज. अण्णांना झटका आला त्याच्या अकराव्या दिवशी मी तो टाकला. आधी नाही, नंतर.

तुला आठवत असेल, त्या आठवड्यात त्यांची वाचा गेली आणि एकच शब्द उरला: "पुढे." लहानपणी आपण रूपं म्हणताना अडलो की ते डोळे मिटून जो म्हणायचे, तोच. तहान लागली तरी पुढे, कूस बदलायची तरी पुढे. तुला दोन दिवसांत त्यातला प्रत्येक पुढे वेगळा ऐकू येऊ लागला. हा पाण्याचा, हा पंख्याचा. मला मात्र पन्नाशीला टेकलो असतानाही एकच ऐकू यायचा. मी अडलोय आणि समोर ते बसलेत. मी त्या खोलीत अकरा दिवस काढले. मग मला परदेशातली दुःखी मुलं दिसू लागली.

तुला रागवायचं असेल तर सावकाश रागव. मी आता कुठे जात नाही, म्हणजे, येतो आहे. तिकिटाच्या खटपटीला लागलो.

दादा

५ मे

ठमे,

तुझा निरोप आला. मी समजत होतो तू फोन फेकून देशील. तू लिहिलंस: "अर्जाची तारीख मला पहिल्यापासून माहीत आहे. संस्थेच्या उत्तराचं पाकीट मीच उघडलं होतं, आत तुझ्या अर्जाची तारीख होती. होकार आज कळवला. तिकिटाचा फोटो पाठव."

म्हणजे चार वर्षं मी योगायोगाचं प्रवचन देत होतो आणि तू जाणूनबुजून ऐकत होतीस. तू कधी बोलली नाहीस, त्याचं कारण विचारणार नाही. विचारलं तर तू सांगशील, आणि ते मला झेपणार नाही.

तिकीट सोबत. एकतीस मे, दुपारी चारला मी घरी. त्याआधीचं मिळत नाही. देश सोडायच्या परवानगीचा शिक्का तीस तारखेशिवाय होत नाही, आणि हे वाक्य लिहिताना मलाच ते माझ्या जुन्या वाक्यांसारखं वाटतं आहे. म्हणून अर्जाच्या पावतीचाही फोटो जोडला आहे. तपास. तुझी बस संध्याकाळी सातची म्हणालीस. तीन तास मिळतील.

मोठ्या बाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "आधी बोलायचं होतंत." मग कागद पुढे केला आणि ताबा देण्याघेण्याचं सगळं सात मिनिटांत आटोपलं. घेणाऱ्याच्या जागी मिस्त्रीने सही केली. ग्रंथपाल बाई नोंदी बघायला खाली येणार आहेत. चौदाशे पायांपैकी एकही माझ्यावाचून अडखळला नाही.

मिस्त्रीचं सांगायचं तर तो कामाचं सगळं बोलतो. फक्त आता मला 'आपण' म्हणतो. "आपण ती परात सरकवता का?" चार वर्षं 'अरे मास्तर' ऐकलेल्या माणसाला हे किती लागतं ते तुला कळेल, तू रागावलीस की मला 'दादासाहेब' म्हणायचीस. मी काल म्हटलं, "शिव्या दे हवं तर." तो म्हणाला, "आपल्याला कशाला देऊ? द्यायच्या तर आपल्या बहिणीने."

टकटकची आई परवा आली होती. मी तिची माफी मागितली. तिला आधी कळेचना कशाची. मग म्हणाली, "ठीक आहे, पण बूट आज होईल का? शेवटची बस तीनची आहे." झाला. टकटकने बूट घातला, दोन चकरा मारल्या आणि माझ्याकडे न बघता गेली. ते योग्यच झालं.

दादा

३० मे

ठमे,

हे विमानतळावर बसून लिहितो आहे. हे टपालात टाकणार नाही. उद्या दारात तुझ्या हातात देईन आणि बसमध्ये वाच म्हणेन. तेव्हा आत्ता तू बसमध्ये असशील, आणि मी हे सगळं आदल्याच दिवशी लिहिलेलं असेल, म्हणजे तुला अडवायला मी तिथे नसेन.

आज निघताना फोटो काढायचा म्हणाले. नको म्हटलं. मिस्त्री फाटकापर्यंत आला. बॅग त्याने उचलली होती, मला देईना. म्हणाला, "वडिलांना उचलायचं तर पाठीने नाही, गुडघ्याने उचल. प्लॅस्टरची पोती उचलतोस ना, तसं." तेवढ्यात तो 'आपण' विसरला. मी काही बोललो नाही, आठवण झाली असती.

मी तुला खोटं धैर्य दाखवणार नाही. इथून सुटल्याचा आनंद मी शोधून पाहिला, सापडत नाही. एका खोलीतून उठून दुसऱ्या खोलीत चाललो आहे, आणि दुसरीत कधी सुट्टी नाही, टाळ्या वाजवणारी ग्रंथपाल नाही, अकरा पावलं चालून कोणी अंगावर पडणार नाही. अण्णा बरे होणार नाहीत. तू चार वर्षं ज्या भिंती बघितल्यास त्याच मी बघणार. हे मला आत जाण्यापूर्वी माहीत आहे, आणि मी निघून गेलो त्या सकाळी तुला कोणी विचारलंही नव्हतं.

पहिल्या आठवड्यात मी चुकणार. पाणी मागतील तेव्हा पंखा लावीन. ते चिडतील. चिडू देत, लहानपणी मी याहून सोप्या गोष्टींवरून त्यांना चिडवलं आहे. तू रोज फोन करून विचारू नकोस. आठवड्यातून एकदा कर, तोही तुझ्या प्रयोगशाळेचं सांगायला. तुझ्या हाताखाली सहा माणसं आहेत म्हणालीस. त्यांच्यापैकी कोणी अलंकारिक बोललं तर माझी आठवण काढून त्याला जरा कमी झाप.

आणखी एक. बस गाव सोडेल तेव्हा तुला वाटेल, की दादा तीन तासांत काय शिकला असेल. औषधाची बाटली त्याला सांगितली का. चादर कुठली. तुला उठून उभं राहावंसं वाटेल, ड्रायव्हरला हाक मारावीशी वाटेल. तसं वाटलं तर हे वाच: तू सांगितलं असशील, मी अर्धं ऐकलं असेल, उरलेलं आज रात्री मला अण्णांकडूनच कळेल.

खाली उतरू नकोस. मी आत आहे.

दादा